गोल्फ स्विंगमध्ये सातत्य का येत नाही: दोष कुठे शोधायचा आणि कोणत्या क्रमाने

"परवा सात नंबरचं आयर्न सुरेख लागत होतं. आज पहिला फटका फॅट, दुसरा थिन, मधेच एक झकास आणि लगेच पुढचा उजवीकडे झाडांत. स्विंग तर तोच आहे, मग रोज वेगळं काय होतं?" गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांची कधी ना कधी हीच तक्रार असते. (आयर्न हा क्लबचा एक प्रकार; फॅट म्हणजे क्लब आधी जमिनीला लागलेला फटका, थिन म्हणजे क्लब वर जाताना चेंडूच्या मध्याला लागलेला.) त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: डोकं खाली ठेव, डावा हात सरळ ठेव, हळू मार. माणूस तिन्ही एकदम करायला जातो, थोडे दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सातत्य नसणं हा एकच एक दोष मानला की शोध चुकीच्या जागी सुरू होतो. तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी आलटून पालटून बदलत असतात आणि त्यांचा परिणाम आपल्याला एकत्र दिसतो. त्यांतल्या बऱ्याचशा तर क्लब हलण्याआधीच बदललेल्या असतात. म्हणून स्विंगला हात लावण्याआधी, दर फटक्याला नेमकं काय बदलतंय ते शोधायचं. पुढे उजवं-डावं जे लिहिलंय ते उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलट धरावं.

स्विंग देखणा नसला तरी चालतो

गोल्फपटू जिम फ्युरिक यांचा स्विंग आठवा. क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि वरती मोठा वळसा घेऊन भलत्याच वाटेने खाली येतो. कुठल्याही नवशिक्याला कोणी असा स्विंग शिकवणार नाही. त्याच स्विंगने ते २००३ ची यूएस ओपन जिंकले आणि २०१६ मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपमध्ये ५८ ची फेरी (१८ होल ५८ फटक्यांत) खेळले. ली ट्रेव्हिनो डावीकडे नेम धरून उभे राहत आणि चेंडू उजवीकडे वळवत आणत. त्यांच्या नावावर सहा मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली जेतेपदं) आहेत. दोघांच्याही बाबतीत चेंडूजवळ येताना क्लब दर वेळी जवळजवळ तसाच येई, आणि सातत्य म्हणजे एवढंच. व्हिडिओत स्विंग पुस्तकातल्यासारखा दिसत नाही म्हणून तो मोडून नव्याने बांधायला घेऊ नका. निदान त्याच्यामुळे चेंडू बिघडतोय याचा पुरावा हाती येईपर्यंत तरी नको.

अपेक्षाही जागेवर आणायला हव्यात. अव्वल व्यावसायिक खेळाडूंचे १२५ ते १५० यार्डांवरचे फटकेसुद्धा सरासरी होलपासून २० फुटांहून जास्त लांब पडतात. टीव्हीवर आपल्याला त्यांतले सर्वोत्तम दाखवतात. तेव्हा दहांतला एक चेंडू वाकडा गेला म्हणजे स्विंग बिघडला असं नाही. दहांतले पाच दोन्ही बाजूंना, दोन्ही प्रकारे वाकडे जात असतील तर मात्र पुढचं वाचा.

आधी नोंद

क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) आणि चेंडू यांची गाठ पडते ती सुमारे अर्धा मिलिसेकंद. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली येणं, जेमतेम पाव सेकंदात संपतो. एवढ्या वेळात काही सुधारता येत नाही, काही जाणवतही नाही. फटक्यानंतर "मी डोकं उचललं" असं जे वाटतं तो बहुतेक वेळा अंदाज असतो. म्हणून जाणिवेवर विसंबू नका, खुणांवर विसंबा.

खुणा चार: क्लब जमिनीला कुठे लागला, चेंडू फेसवर कुठे लागला, चेंडू कोणत्या दिशेने निघाला आणि हवेत कुठे वळला. एका सरावात काही न सुधारता, फक्त मारत जा आणि या चार गोष्टी लिहून ठेवा. फेसवरची जागा कळण्यासाठी पायांना मारायचा पावडरीचा स्प्रे फेसवर हलकाच मारला की चेंडूचा गोल ठसा स्वच्छ उमटतो. हे काम कंटाळवाणं आहे, हे मान्य. पण नोंद नसताना केलेली दुरुस्ती म्हणजे तपासणीशिवाय औषध.

नोंद पाहिली की चित्र निघू लागतं. कोणाचे ठसे फेसच्या मध्यावर असतात पण जमिनीवरची जागा पुढे-मागे होते. कोणाची जमीन बरोबर असते आणि ठसे हीलपासून (फेसची दांड्याकडची बाजू) टोपर्यंत (फेसचं बाहेरचं टोक) विखुरलेले असतात. तिसऱ्याचं दोन्ही ठीक असतं, फक्त चेंडूची दिशा फिरते. तिघांचीही तक्रार "सातत्य नाही" हीच असते, पण तिघांवरचे उपाय वेगळे.

क्लब हलण्याआधी

तरीही पहिली तपासणी सर्वांची एकच: ग्रिप, नेम, चेंडूची जागा आणि चेंडूपासूनचं अंतर. जॅक निक्लॉस दर मोसमाच्या सुरुवातीला आपले कोच जॅक ग्राउट यांच्याकडे जात आणि ग्रिप-पवित्र्यापासून सगळं पुन्हा तपासून घेत. १८ मेजर जिंकणाऱ्याला ज्याची गरज वाटली ते आपण शिकून झालं म्हणून सोडून देतो.

ग्रिपमध्ये बिघाड हळूच शिरतो. क्लब टेकवून, फेस कुठे पाहतोय ते न बघता हात लावले तर दर वेळी ग्रिप थोडी वेगळी बसते. क्रम उलटा करा: आधी फेस लक्ष्याकडे सरळ ठेवा, मग डावा हात, मग उजवा. वरून पाहताना डाव्या हाताची दोन ते अडीच बोटांची पेरं दिसावीत. हातमोजा काढून पाहा. तळव्याच्या मागच्या भागाला, मनगटाच्या जवळ, भोक पडत असेल तर क्लब बोटांत न बसता तळव्यात बसलाय आणि स्विंगमध्ये सरकतोय. सरकणारा क्लब वरती हलतो, खाली येताना फेस वेगळा असतो, आणि माणूस मात्र दोष खांद्यांत शोधत राहतो. दाबाचंही तसंच. पहिल्या टीवर, म्हणजे फेरी सुरू होते तिथे, चार जण बघत असतात तेव्हा मुठी आपोआप आवळतात, मनगटं अडकतात आणि फेस उघडा राहतो. दाब किती असावा यावर वाद आहेत. माझ्या मते आकड्यापेक्षा तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहणं जास्त महत्त्वाचं.

नेमाची गंमत अशी की चुकीच्या नेमाला शरीर स्वतःच उत्तर शोधतं. नकळत उजवीकडे नेम धरलेला माणूस क्लब बाहेरून ओढून चेंडू डावीकडे आणायला शिकतो. एखाद्या दिवशी नेम बरोबर लागला की तीच ओढ चेंडूला थेट डाव्या बाजूच्या गवतात नेते. स्लाइस मारणाऱ्याचं चक्र याहून वाईट. चेंडू उजवीकडे वळतो म्हणून तो डावीकडे नेम धरतो, त्यामुळे क्लबची वाट आणखी डावीकडे जाते आणि स्लाइस आणखी वाढतो. यावर उपाय म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या दोन काठ्या: एक चेंडूच्या बाहेर लक्ष्यरेषेला समांतर, दुसरी पायाच्या बोटांशी. कोर्सवर काठ्या ठेवता येत नाहीत, तिथे निक्लॉस यांची पद्धत वापरा. चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्यरेषेवर, चेंडूच्या काही फूट पुढे एखादा डाग, पान किंवा जुना डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताची खूण) हेरायचा आणि फेस त्यावर लावायचा. दोनशे यार्डांवरच्या झेंड्यापेक्षा काही फुटांवरच्या डागाकडे फेस लावणं केव्हाही सोपं.

चेंडूची जागा मला सर्वांत जास्त संशयास्पद वाटते, कारण ती रोज थोडी थोडी सरकते आणि कळत नाही. पाय जरा बाहेर वळवून उभं राहिलं तरी चेंडू आहे त्यापेक्षा पुढे किंवा मागे भासतो. पायाच्या टोकांवरून न ठरवता टाचांवरून ठरवा. ड्रायव्हरला (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, वेजला (जवळच्या फटक्याचा क्लब) साधारण मध्यावर, बाकीचे क्लब त्या दोहोंच्या मधे. मग पवित्र्यात उभं राहून एक काठी चेंडूपासून दोन्ही टाचांच्या मधे टेकवा आणि फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात स्विंग बिघडल्यासारखा वाटला की पहिल्यांदा तो फोटो उघडायचा.

फॅट आणि थिन: दोन नावं, एक आजार

नोंदीत जमिनीची जागा फिरत असेल तर इथे थांबा. मधल्या पातळीच्या खेळाडूंचे बरेच फटके इथेच वाया जातात.

नियमानुसार चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटर वर. क्लब एका कमानीत खाली येतो आणि वर जातो. आयर्नला या कमानीचा तळ चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडायला हवा. चांगल्या खेळाडूंचा तो साधारण तीन-चार इंच पुढे पडतो. म्हणून त्यांचा डिव्हट चेंडूच्या जागेनंतर सुरू होतो. तळ चेंडूच्या मागे पडला तर दोनच शक्यता उरतात. क्लब खोल असेल तर आधी जमीन लागते आणि फटका फॅट होतो. क्लब तिथून निसटला तर तो वर जात असताना चेंडूच्या मध्याला लागतो आणि फटका थिन होतो. फॅटवर "वर मार" आणि थिनवर "खाली मार" असे उलटसुलट उपाय करणारा म्हणूनच गोल गोल फिरत राहतो. दोन्हींचं मूळ एकच: तळ मागे पडतोय.

तळ मागे का पडतो? सर्वांत मोठं कारण म्हणजे डाउनस्विंगमध्ये वजन उजव्या पायावरच राहणं. चेंडू हवेत जावा म्हणून त्याला खालून उचलायची इच्छा होते, छाती मागे झुकते, मनगटं आधीच सुटतात आणि कमान मागेच संपते. चेंडू वर न्यायचं काम क्लबच्या फेसचा कोन करतो, त्यासाठी आपण काही करायचं नसतं. हे पटल्याशिवाय कुठलाही व्यायाम टिकत नाही. दुसरं कारण, बॅकस्विंगमध्ये कंबर वळण्याऐवजी उजवीकडे सरकते. जितकी सरकली तितकीच परत आली तर ठीक, पण ती दर वेळी वेगळी सरकते आणि वेगळी परत येते. तिसरं, डाउनस्विंगमध्ये कंबर चेंडूच्या दिशेने पुढे येते आणि पाठ उभी होते. मग हातांना जागा उरत नाही. लोक म्हणतात "डोकं उचललंस". डोकं उचललं जातं खरं, पण ते बहुतेक वेळा पाठ उभी झाल्यामुळे. हनुवटी छातीला चिकटवून ठेवली तर खांदे वळणंच बंद होतं आणि नवा दोष जन्माला येतो. "डोकं खाली" हा सल्ला मला म्हणूनच घातक वाटतो.

व्यायाम साधा आहे. गवतावर किंवा बंकरच्या वाळूत लक्ष्यरेषेला काटकोनात एक रेघ ओढा. चेंडू न ठेवता, रेघ चेंडूच्या जागी आहे असं समजून अर्धे स्विंग करा. खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे उमटली पाहिजे. सलग तशी उमटू लागली की रेघेवर चेंडू ठेवा. खूण पुन्हा मागे गेली तर समजा की चेंडू दिसताच त्याला उचलायची इच्छा परत आली. मग थोडे दिवस उजव्या पायाची टाच उचलून, वजन आधीपासूनच डाव्या पायावर ठेवून लहान फटके मारा. त्यात मागे झुकताच येत नाही.

मॅटवर सराव करणाऱ्यांसाठी विशेष सूचना. मॅट फॅट फटका लपवते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे लागला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू बरा उडतो. गवतावर तोच फटका निम्म्यात पडतो. चेंडूच्या मागे वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर घडी केलेला टॉवेल ठेवा. टॉवेलला क्लब लागला म्हणजे मॅट तुमची फसवणूक करत होती.

दिशा फिरत असेल तर

चेंडू निघतो कोणत्या दिशेने हे मुख्यतः क्लबफेसवर ठरतं: आयर्नमध्ये साधारण तीन चतुर्थांश, ड्रायव्हरमध्ये त्याहूनही जास्त. चेंडू हवेत वळतो तो फेस आणि क्लबची वाट यांतल्या फरकामुळे. पूर्वी हे उलट शिकवलं जायचं, वाट दिशा ठरवते आणि फेस वळण ठरवतो असं. रडारवर चालणारी मोजमापाची यंत्रं आल्यावर तो समज मागे पडला, पण जुना सल्ला अजून फिरतोच.

लक्ष्यरेषेवर काही पावलांवर एक काठी रोवा आणि चेंडू तिच्या कोणत्या बाजूने निघतो ते पाहा. उजवीकडून निघून आणखी उजवीकडे वळला तर फेस लक्ष्याच्या उजवीकडे उघडा होता. पहिला संशय ग्रिपवर. डावीकडून निघून उजवीकडे वळला तर फेस डावीकडे होता आणि वाट त्याहून जास्त डावीकडे. इथे नेम आणि खांद्यांची रेषा तपासा. सरळ रेषेत डावीकडे गेला आणि वळलाच नाही तर फेस आणि वाट दोन्ही एकाच दिशेला होते; बहुधा तुम्ही तिकडेच नेम धरला होता.

निघण्याच्या दिशेत एका अंशाची चूक २०० यार्डांवर सुमारे साडेतीन यार्ड होते, वळण वेगळं. हे लक्षात आलं की ग्रिपमधला किरकोळ वाटणारा फरक किती महाग पडतो ते कळतं. दिग्गज गोल्फपटू बेन होगन यांना हुकने (चेंडू जोरात डावीकडे वळण्याने) बरीच वर्षं छळलं, आणि त्यांच्या उपायात ग्रिप बदलणं हा मोठा भाग होता.

चेंडू कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जात असेल तर ते सर्वांत त्रासदायक. बहुधा वाट खूप एका बाजूची झालेली असते आणि फेस ऐनवेळी हातांनी फिरवून जुळवला जातो. ज्या दिवशी हातांची वेळ साधते त्या दिवशी जग जिंकल्यासारखं वाटतं. अशा वेळी एका बाजूची चूक कायमची बंद करण्याचा प्रयत्न करा. चेंडू नेहमी थोडा उजवीकडेच जातो एवढं पक्कं असेल तरी नेम लावून खेळता येतं.

हील, टो आणि शँक

ठसे आडवे विखुरले असतील तर चेंडूपासूनचं अंतर आणि तोल तपासा. वजन पायाच्या चवड्यांवर गेलं की हात बाहेर जातात, ठसा हीलकडे सरकतो आणि हॉझलला (दांडा क्लबच्या डोक्याला जोडतो तो भाग) लागला की त्या फटक्याला शँक म्हणतात. ड्रायव्हरमध्ये आणखी एक खाच आहे: हीलवर लागलेला चेंडू उजवीकडे वळतो, टोवर लागलेला डावीकडे, मग फेस आणि वाट बरोबर असली तरी. स्लाइसवर महिनोन् महिने उपाय करणाऱ्या कित्येकांचा ठसा हीलवर असतो. स्प्रे मारून पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. व्यायामासाठी क्लबच्या डोक्यापेक्षा किंचित रुंद अंतरावर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा आणि त्यांना न लागता मधून चेंडू मारा.

लय

"हळू मार" हा सल्ला अर्धवट आहे. अव्वल खेळाडूंमध्ये बॅकस्विंगचा वेळ डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट असतो, मग स्विंग जलद असो की संथ. प्रमाण टिकायला हवं. बॅकस्विंग मुद्दाम रेंगाळत नेला तर वरती शरीर थांबतं आणि खाली येताना हात घाई करतात. तीन मोजत वर आणि एक मोजत खाली, असं मनात म्हणत मारा. शेवटी चेंडू पडेपर्यंत डाव्या पायावर तोल सांभाळून उभं राहा. तसं उभं राहता येत नसेल तर तुमच्या ताकदीपेक्षा जास्त वेगाने मारताय.

रेंजवर येतं, कोर्सवर येत नाही

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मॅटच्या कडा नेम दाखवतात, जमीन सपाट असते आणि एकाच क्लबने एकामागून एक चेंडू मारता येतात. पाचव्या-सहाव्या चेंडूपर्यंत शरीर जुळवून घेतं आणि वाटतं की जमलं. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन यांच्या प्रयोगात दिसलं होतं की एकच हालचाल सलग केली तर सरावात प्रगती जास्त दिसते, पण हालचाली मिसळून केल्या तर शिकलेलं जास्त टिकतं. तेव्हा नवी गोष्ट शिकताना सलग मारा, पण सरावाचा निम्मा वेळ दर चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदला, मागे जा, पूर्ण तयारी करून मग मारा. चेंडू कमी मारले जातील, हरकत नाही.

फटका मारताना मनात एकच गोष्ट ठेवा आणि ती शक्यतो शरीराबाहेरची असू द्या. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांवर केलेल्या प्रयोगात, हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांचे पिच (जवळच्या अंतराचे) फटके जास्त अचूक पडले. "कोपर आत" याऐवजी "क्लब रेघेच्या पुढे लागू दे" असं म्हणून पाहा. आणि फेरी चालू असताना दुरुस्ती करू नका. त्या दिवशी जो चेंडू जातोय त्याला धरून नेम लावा, दुरुस्ती रेंजवर.

साहित्य आणि कोच

साहित्यावर लवकर खापर फोडू नये, पण क्लबच्या दांड्यावरची गुळगुळीत झालेली ग्रिप बदलायला उशीरही करू नये. ती क्लब घट्ट धरायला भाग पाडते. सगळी आयर्न सारखीच एका बाजूला निघत असतील तर क्लबचा लाय कोन (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) तपासून घ्या. तो जास्त उभा असेल तर चेंडू डावीकडे जातो. रेंजचे चेंडू झिजलेले किंवा कमी उडणारे असू शकतात, त्यांच्यावरून अंतर ठरवू नका. अंगात कुठे दुखत असेल, विशेषतः कंबर किंवा मनगट, तर स्विंग त्या दुखण्याला चुकवण्यासाठी बदलतो. आधी ते दुखणं दाखवा.

एक बदल हातात घेतला की तो काही आठवडे तरी सोडू नका, आणि त्या काळात दुसरा सुरू करू नका. एवढं करूनही नोंदीतलं विखुरलेपण कमी होत नसेल तर कोचकडे जाण्याची वेळ झाली. जाताना दोन व्हिडिओ न्या, दोन्हींत कॅमेरा हातांच्या उंचीवर: एक समोरून, दुसरा मागून लक्ष्यरेषेच्या दिशेने. बरोबर नोंदवहीही न्या. "कधीकधी सगळंच बिघडतं" याऐवजी "आयर्नची खूण चेंडूच्या मागे, ड्रायव्हरचा ठसा हीलवर" एवढं सांगता आलं की कोच पहिल्याच भेटीत कामाला लागू शकतो.